गियरला हात लावायचा नाही

ड्रायव्हरला गियरला हात लावायचा नाही असं सांगणारा मालक मी आयुष्यात एकच बघितला. वर्सोव्याला त्यांचं बैठं घर होतं, पुढे गॅरेज, मागच्या बाजूला समुद्राचा वारा. एकोणीसशे ऐंशीच्या पुढची वर्षं. मी त्यांच्याकडे सहा वर्षं गाडी चालवली.

साहेब रिटायर झालेले. त्यांची सगळी नोकरी गोदीत लोकांच्या पेट्या उघडून आत काय लपवलंय ते शोधण्यात गेली होती. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. पेपर हातात आला की आधी घडी बघायचे आणि पेपरवाल्याने तो वाटेत कुणाला वाचायला दिला होता का ते सांगायचे. साखरेच्या डब्याचं झाकण कोणत्या बाजूला फिरवून ठेवलंय हे त्यांच्या लक्षात असायचं. घरात ते आणि बाई, दोघंच.

मीही काही कमी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. शिकलेला माणूस गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप खिशावर जायचा. तेव्हा एका घरात असे आम्ही दोघं.

गाडी जुनी विलायती, हिरव्या रंगाची. गियरचा दांडा दोन सीटच्या मधे, आणि त्याच्या टोकाला लिंबाएवढी गोल मूठ. मी लागलो तेव्हा त्या मुठीवर कुणीतरी काळा रंग फासलेला होता. त्याचे पोपडे निघायचे आणि तळहाताला टोचायचे. एकदा साहेब बँकेत गेलेले असताना मी नखाने एक पोपडा उचलला. खाली पिवळं दिसलं. पितळ.

मी गाडीवर यायच्या आधी गिरणीत ऑइलमन होतो. तिथे फिटर लोकांनी मला पितळेची कामं शिकवली होती. चांगल्या पितळेवर रंग बघितला की मला राग येतो, आजही येतो. शनिवारी संध्याकाळी साहेबांना घरी सोडलं, खालचा नट सैल केला, मूठ फिरवून काढली आणि रुमालात बांधून अंधेरीला खोलीवर घेऊन गेलो. विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

रविवार सगळा त्यात गेला. धुण्याचा सोडा घालून जुन्या डब्यात मूठ उकळत ठेवली. स्टोव्ह अडला म्हणून बायको चिडली. "तुमकां कोणी सांगल्यान घासूक?" म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं. रंग साय निघावी तसा निघाला. खाली बघतो तर पकडीचे दात उठलेले. कुणीतरी अडाण्याने पकडीने ही मूठ आवळली होती आणि ते वण झाकायला वरून रंग फासला होता. मी लाकडाची खुंटी तासली, मुठीच्या आतल्या आट्यांत घट्ट बसवली आणि खुंटी पाटाला ठोकली. आधी बारीक कानस, मग पॉलिश पेपर, जाडा, मग मधला, मग बारीक. एका कागदाने आडवं घासायचं, पुढच्याने उभं. आडव्या रेघा दिसायच्या बंद झाल्या की मगच कागद बदलायचा. घाई केली तर शेवटी चकाकीच्या खाली जुनी रेघ दिसते आणि मग सगळं पहिल्यापासून. त्यानंतर कॅनव्हासचा पट्टा दोन्ही हातांत धरून मुठीवरून ओढत राहायचं, हात भरून येईपर्यंत. शेवटी चिंचेने धुतली. डोक्यावर गियरचे आकडे कोरलेले निघाले, एक, दोन, तीन, चार. त्यांत काडीने काळा रंग भरला.

सोमवारी सकाळी साहेब फाटकातच उभे. रविवारी त्यांनी गॅरेज उघडून बघितलं होतं.

"मूठ कुठाय?"

मी रुमाल सोडला. त्यांनी हातात घेऊन वजन बघितलं, उन्हात धरली, आटे बघितले. म्हणाले, "ही आपलीच कशावरून?"

माझं डोकं फिरलं. गाडीत बसून मूठ दांड्यावर चढवली. शेवटच्या आट्याला घट्ट झाली तेव्हा आकडे बरोबर सरळ, चालवणाऱ्याच्या तोंडासमोर आले. मी म्हटलं, दुसऱ्या गाडीची असती तर आकडे तिरके राहिले असते, आटे काही सगळीकडे एकाच जागी सुरू होत नाहीत. ते त्यांना पटलं. चांगली झाली म्हणाले नाहीत. "यापुढे विचारत जा" एवढंच म्हणाले. पण गाडीत बसले की त्यांची नजर मुठीवर जायची, हे मी आरशात बघत होतो.

वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत पितळ टिकत नाही. हात लागत राहिला, फडकं फिरत राहिलं तर ठीक. आठ दिवस सोडलं की चहाच्या रंगाचं होतं, महिनाभराने तपकिरी, आणि पुढे कडेला हिरवट चढतं. मी रोज सकाळी फ्लॅनेलचा हात मारायचो. हे साहेब रोज बघत होते. ते काय काय ध्यानात ठेवत होते ते मला नंतर कळलं.

एका रविवारी साहेब न्हाणीघरात पाय घसरून पडले. रविवार माझ्या सुट्टीचा. मांडीचं हाड मोडलं. सोमवारी मी आलो तेव्हा ते हॉस्पिटलात होते. तीन आठवड्यांनी घरी आले ते पायाला वजन बांधून, मागच्या खोलीत, पलंगावर. दोन महिने तरी उठायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मला आत बोलावून घेतलं. म्हणाले, रोज सकाळी येत जा, गाडी बाहेरून पूस, इंजीन दहा मिनिटं चालू ठेव, बंद कर, चावी बाईंकडे दे आणि घरी जा. गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. मी हो म्हटलं. मग म्हणाले, "आतून काही पुसायचं नाही. आणि गियरला हात लावायचा नाही. न्यूट्रलमध्येच आहे."

मी विचारलं, का?

"सांगितलं तेवढं कर."

घरी जाताना सगळ्या रस्त्याने माझ्या डोक्यात तेच. आतून पुसायचं नाही म्हणजे आत काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी इंजीन चालू ठेवून मी सीटखाली बघितलं, समोरचा खण उघडला, पायाखालची सतरंजी उचलली. काही नाही. मग वाटलं, आत काही नाही पण असल्यासारखं मला भासवायचं आणि मी शोधतो का ते बघायचं. सतरंजी होती तशी सुरकुती पाडून ठेवली. गियरला मात्र मी हात लावला नाही. हट्टाने लावला नाही. पितळ डोळ्यांदेखत चहाच्या रंगावर गेलं, मग तपकिरी झालं. आकड्यांच्या खाचा भरल्या. मी रोज बाजूला बसून इंजीन ऐकायचो आणि त्या मुठीकडे बघायचो नाही.

असा महिना गेला. मग एका सोमवारी दार उघडलं आणि बघतो तर मूठ वरच्या बाजूने उजळलेली. पैशाएवढी नाही, तळहात टेकतो तेवढी सगळी. कुणीतरी धरली होती, आणि एकदा नाही, बऱ्याच वेळा. मी खाली उतरलो आणि टायर बघितले. खाचांत वाळू.

गाडीचं मीटर वर्षभर बंद होतं, त्याची तार मिळत नव्हती. म्हणजे किती फिरली हे कुणाला कळायला मार्ग नाही. पण फिरली होती.

कुणी नेली हा प्रश्न मला पडलाच नाही. बाईंच्या बहिणीचा मुलगा मालाडला राहायचा, आणि साहेब पडल्यापासून दर रविवारी जेवायला यायचा. पंचविशीतला, दोन्ही हातांत मिळून पाच अंगठ्या, आणि मला "काय बॉस" म्हणायचा. बॉस म्हणणारा माणूस मला कधीच सरळ वाटलेला नाही. साहेब जेवून झोपले की हा गाडी काढणार, मित्रांना घेऊन समुद्रावर जाणार, हे मला चित्रासारखं दिसलं.

आता सांगायचं कुणाला? साहेबांना सांगावं तर म्हणतील, तुला कसं कळलं, तू आत कशाला बघत होतास? आणि घरचा माणूस एकीकडे, ड्रायव्हर एकीकडे. कुणावर येणार ते उघड होतं. अर्धी काळी, अर्धी उजळ अशी ती मूठ साहेबांनी बघितली तर पहिलं नाव माझंच. पितळ परत तपकिरी करता येत नाही, त्याला महिना लागतो. पण उजळता येतं. मी म्हटलं, पूर्ण उजळ असली की निदान डाग तरी दिसणार नाही. खिशातलं फडकं काढलं आणि मूठ सगळी पुसून लखलखीत केली. टायरही धुतले. वाळू भरलेले टायर उभे ठेवणं मला जमत नाही.

पुढच्या सोमवारी परत तेच. बोटांचे डाग, टायरला वाळू, आणि सीटही जरा जवळ वाटली. परत पुसलं, परत धुतलं. तिसऱ्या सोमवारी मुठीवर दोन रेघा होत्या. केसाएवढ्या, एकीशेजारी एक, वळणाने गेलेल्या. अंगठी घासल्याशिवाय अशी रेघ उठत नाही. मी हातात अंगठी घालत नाही, लग्नातलीही नाही, गिरणीत बोटं जातात म्हणून काढली ती काढलीच. त्या रेघा बघून मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी घरून बारीक पॉलिश पेपर आणला आणि त्या पार काढून टाकल्या. आडवं, मग उभं. वर पट्टा मारला. रेघ होती असं माझा बापही सांगू शकला नसता, इतकं साफ केलं. आणि खूश झालो.

अजून एक गोष्ट त्याच सुमाराची. सोमवारी चहाबरोबर बाई मला शिरा द्यायला लागल्या. वरून बेदाणे. पाच वर्षांत चहाबरोबर बिस्किटाच्या पुढे गोष्ट गेली नव्हती. मी खाल्ला, पण प्रत्येक घासाला मनात म्हणत होतो की या घरात शिरा उगीच येत नाही.

साहेबांच्या पायाचं वजन निघालं. डॉक्टर तपासायला घरी आले आणि बोलता बोलता म्हणाले, बरं झालं, गाडी तरी फिरतेय तुमची, परवा रविवारी मासे वाळत घालतात तिकडे वाळूवर बघितली. हे मला बाईंनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसत होतो तर साहेब काठी टेकत, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून गॅरेजमध्ये आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, चालायला लागले, बरं वाटलं. ते सरळ दारापाशी आले आणि आत वाकून बघितलं. मूठ अशी चमकत होती की तिच्यात त्यांचं तोंड दिसलं असेल.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"गियरला हात लावायचा नाही."

"मग हे काय आहे?"

मी म्हटलं, पुसली. ते म्हणाले, पुसली ते दिसतंय, कशासाठी पुसली? कुठे कुठे गेला होतास? मग त्यांनी सांगितलं. मीटर बंद म्हणून त्यांनी पितळेचं मीटर केलं होतं. कुणी हात लावला नाही तर काळी पडणार, लावला तर कळणार. गोदीत कुलपांवर मेणाचं सील असतं तसं. आणि ते सील मी माझ्या हाताने, स्वतःचं फडकं वापरून, दर सोमवारी तोडत होतो.

नोकरी जाईल याची एवढी भीती नव्हती, नोकऱ्या मी पुष्कळ सोडल्या. पण मी परक्याची गाडी चोरून फिरवली, हे नाव घेऊन मी त्या फाटकातून बाहेर पडणार नव्हतो. अंधेरी ते वर्सोवा सगळे ड्रायव्हर एकमेकांना ओळखतात. मी सगळं सांगून टाकलं. उजळलेला डाग, वाळू, रेघा.

"कुठे आहेत रेघा?"

"काढल्या मी."

"वाळू?"

"धुतली."

"छान," साहेब म्हणाले. तो शब्द अजून माझ्या कानात आहे.

मग माझा तोल गेला. म्हटलं, "मला काय विचारता? तुमच्या पाहुण्यांना विचारा. पाच अंगठ्या आहेत त्यांच्या हातात."

"त्याला मधे आणू नका," बाई म्हणाल्या. "गाडी मी चालवली."

साहेब त्यांच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. "तू त्याला वाचवू नकोस. आत जा."

उभ्या जन्मात त्यांनी कुणाकुणावर संशय घेतला असेल, पेपरवाल्यावर, दूधवाल्यावर, माझ्यावर. बायकोवर घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मीही मनात म्हटलं, बाई भाच्याला झाकतायत, शिऱ्याचा हिशोब आता लागला.

बाईंनी माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली. त्यांनी पदर खोचला, सीटवर बसल्या, सीट एक खाच पुढे ओढली. ती सीट सोमवारी मला जवळ का वाटायची ते तेव्हा कळलं. त्यांचा डावा हात मुठीवर आला. करंगळीशेजारच्या बोटात जुनी अंगठी होती, बोट सुजलं म्हणून मागून कापून जोड दिलेली. जोडाच्या दोन कडा वर आलेल्या. दोन कडा, दोन रेघा.

पहिल्यांदा इंजीन बंद पडलं. दुसऱ्यांदा त्यांनी गाडी मागे घेतली, फाटकातून सरळ बाहेर, गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, वळवून परत आणली. येताना एक कुंडी गेली. साहेब भिंतीला धरून उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी.

बाई उतरल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही पडलात तेव्हा गाडी दारात होती. मी अर्धा तास रस्त्यावर उभी होते टॅक्सीसाठी. तुम्ही आत फरशीवर. परत तसं उभं राहायचं नाही मला."

भाचा शिकवायला येत होता. आवाज होऊ नये म्हणून दोघं गाडी गल्लीपर्यंत ढकलत न्यायची. मी मनात रंगवलेले मित्र बित्र कुणी नव्हते.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दर सोमवारी मूठ पुसत होतात, टायर धूत होतात. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही माझ्यासाठी झाकताय."

शिरा मी खाल्ला होता.

साहेबांनी माझी माफी मागितली नाही. मुठीकडे बघून म्हणाले, "पण पुसायला मी सांगितलं नव्हतं."

"आणि मी गाडी नेली नव्हती," मी म्हटलं.

दोघांचंही खरं होतं, म्हणून कुणीच मागे हटलं नाही. कुंडीची खापरं मी गोळा केली.

त्यानंतर मी सहा-सात महिने राहिलो. आधी बाई चालवायच्या आणि मी शेजारी बसायचो. मग मी मागे बसायला लागलो. मग एक दिवस ती दोघं बाजारात गेली आणि मी फाटकात उभा राहून हात पुसत होतो. त्या संध्याकाळी मीच सांगितलं की आता मला दुसरीकडे लागायचंय. बाई थांबा म्हणाल्या. मी निघताना साहेबांनी डिकीतले पाने एकदा मोजून घेतले. बरोबर होते. बाईंना मी फ्लॅनेलचं फडकं दिलं, रोज हात मारत जा म्हटलं. रेघा परत उठल्या होत्या, चार-पाच. मी त्या तशाच ठेवल्या. आता त्या कुणाच्या हे सगळ्यांना माहीत होतं, आणि चालवणाऱ्याचा हात पुसून टाकायचा मला काय हक्क?

पुढे वर्षभराने मी एका डॉक्टरांची गाडी चालवत होतो. मालाडला सिग्नलला थांबलो तर शेजारी हिरवी गाडी. बाई चालवत होत्या, साहेब बाजूला, काठी दोन गुडघ्यांच्या मधे. त्यांनी मला बघितलं नाही. मी मान लांब करून मूठ बघितली, आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. मुठीवर लोकरीची विणलेली टोपी होती. गुलाबी, वर गोंडा. तेव्हा बायका तसल्या टोप्या फोनलाही घालायच्या, टीव्हीलाही घालायच्या.

माझ्या पितळेवर लोकर. घरी येऊन मी बायकोला सांगितलं तर ती हसली, म्हणाली उन्हात हात भाजू नये म्हणून असेल. असेल. पण मी त्या घरात सहा वर्षं काढलीत. टोपीखाली पितळ उजळलं की काळं पडलं हे बाहेरून कुणाला कळत नाही, आणि टोपीवर कुणाचा हात पडला ते टोपी सांगत नाही. ती बाईंनी उन्हासाठी विणली नव्हती, एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. सिग्नल सुटला तेव्हा साहेब त्या गोंड्याकडेच बघत होते.